सिममध्ये (विमान उडवण्याच्या कॉम्प्युटर गेममध्ये) अगदी कमी उंचीवरून टाकलेला बॉम्ब जहाजाला लागूनही फुटत का नाही? आर्मिंग डिस्टन्स किती धरायचं?

पाण्याला घासून उडत असाल, तर नाहीच फुटणार. डिले, म्हणजे धडकल्यावर फुटायला लागणारा वेळ, कमी-जास्त करून काही होत नाही. डिलेवरून आमच्या घरात दोन वर्षं भांडण चाललंय, म्हणून एवढं लिहितोय.

मे महिन्यातली नागपूरची दुपार. कूलरचा पंप बंद पडलेला, आणि मी आयएल-२ मध्ये (दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचा गेम) एका मालवाहू जहाजामागे. १५ मीटर उंची, ताशी ४०० किमीचा वेग. बॉम्ब बरोबर जहाजाच्या कुशीत घातला. ठण्ण! बस, तेवढंच. शेजारून आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा, "फुसका बार! डिले कमी कर बे." शून्य केला. पुन्हा फुसका. अशा सहा फेऱ्या. सातव्यांदा चिडून जरा वरून टाकला तर फुटला, पण डिले शून्य होता, त्यामुळे माझंच विमान घेऊन गेला. सरळ उडताना सोडलेला बॉम्ब पडेपर्यंत जवळजवळ तुमच्याच खाली असतो. दादा पोट धरून हसला.

डिले म्हणजे धडकल्यावर किती वेळानं फुटायचं. आर्मिंग म्हणजे सुटल्यावर किती वेळानं फुटण्याजोगं व्हायचं. दुसऱ्या महायुद्धातल्या बऱ्याच बॉम्बच्या फ्यूजवर (बॉम्ब फोडणाऱ्या यंत्रणेवर) छोटा पंखा असे, विमानावर असताना तारेनं अडकवलेला. बॉम्ब सुटला की तार निघायची, हवेनं पंखा फिरायचा आणि ठरलेले फेरे झाले की फ्यूज जिवंत. तोवर नुसता लोखंडाचा गोळा.

दादाचं म्हणणं, वेग वाढवला की पुरेसा वेळ मिळतो. मी गच्चीवर गेलो, तिसऱ्या मजल्यावरून बटाटा सोडला. फोनवर दीड सेकंद. आजी खालून ओरडली, ते वेगळं. दादा म्हणे, "अबे, बटाट्याचं काय सांगतो! विमान चारशेनं राहते." राहू दे ना! आडव्या वेगानं पडायचा वेळ बदलत नाही. १५ मीटर पडायला पावणेदोन सेकंद, २० मीटरला २. तुमच्या सिममध्ये आर्मिंगला २ सेकंद लागत असतील, तर थोडं मार्जिन धरून ३०-४० मीटरच्या खाली जाऊच नका.

हे काही खेळापुरतं नाही. १९८२ च्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाची विमानं रडार चुकवायला इतकी खाली आली की ब्रिटिश जहाजांना लागलेले कितीतरी बॉम्ब फुटलेच नाहीत. 'अँटेलोप' जहाजात अडकलेला एक तर निकामी करता करता फुटला.

नाक खाली करून डाईव्ह मारत असाल तर मात्र वरचा हिशोब विसरा. ६० अंशांत, ताशी ६०० नं येऊन ३०० मीटरवर सोडला, तरी हातात जेमतेम २ सेकंदच. बॉम्ब आधीच खाली धावत असतो.

आणि हो, पंखा सेकंद मोजत नाही, हवेतून कापलेलं अंतर मोजतो. म्हणूनच तो शब्द आर्मिंग 'डिस्टन्स'. म्हणजे पंख्याच्या फ्यूजला वेगाचा थोडा फायदा होतो, तेवढ्यापुरता दादा बरोबर. हे मी त्याला सांगितलेलं नाही. त्याचा डिले अजून शून्यावरच आहे, आणि दर रविवारी तो स्वतःच्याच बॉम्बनं मरतो.