वडिलांची जुनी काळी सायकल दुरुस्त करून छंद सुरू करावा, की सरळ गिअरची नवी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची पंचवीस-तीस वर्षांची काळी सायकल जिन्याखाली पडून आहे, तुमचं वय ४३, आणि एका दमात १०० किलोमीटर जायची इच्छा आहे. जुनी दुरुस्त करावी की नवी घ्यावी, आणि शंभराला किती महिने लागतील, असा प्रश्न.

नवी घेऊ नका. निदान अजून तरी नको. गिअरची सायकल कधी लागते ते पुढं सांगतो, पण ते तुम्हाला दुकानदारानं सांगण्याऐवजी तुमच्या जुन्या सायकलीनं सांगितलेलं बरं.

मी कोल्हापूरचा, काम हिशेब लिहायचं. पान्याशी संबंध म्हणजे गॅसची टाकी बदलण्यापुरता. सात वर्षांपूर्वी मीही याच पेचात होतो. फरक इतकाच की आमची सायकल जिन्याखाली नव्हती, गावाकडच्या गोठ्यात होती आणि तिच्या कॅरिअरवर कोंबड्या बसायच्या.

सगळ्यात आधी ती फडक्यानं पुसा आणि समोरून, मग बाजूनं नीट बघा. चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, मागं दबलेला असेल, किंवा हँडलखाली जिथं नळ्या जोडल्यात तिथं रंगाला आडवा तडा दिसत असेल, तर ती सायकल आठवण म्हणून भिंतीला टांगा, चालवू नका. बाकी गंजाला घाबरायचं कारण नाही. पॉलिश पेपरनं घासला की निघतो तो वरवरचा. नळीवर पाना आपटला आणि आवाज खणखणीत आला तर लोखंड शाबूत. आवाज बद्द आला, पापुद्रे सुटले, तर विचार करा.

भागांची काळजी करू नका. आमची ॲटलास. त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी बंद झाला. तरी माझं एकही काम अडलं नाही, कारण या सगळ्या काळ्या सायकलींची मापं जवळपास एकच. अठ्ठावीस दीडचा टायर मागितला की झालं, कंपनी कुणी विचारत नाही. टायर-ट्यूब दोन्ही चाकांचे, चेन, ब्रेकची रबरं, छरे, कॉटर, ग्रीस असं सगळं मिळून माझे तीन हजाराच्या आत भागले. तुमच्या गावात थोडं इकडंतिकडं होईल.

आता खरी मजा. चाकं स्वतः खोला. आमच्या पेठेत एक सायकलवाले मामा होते. त्यांनी मला दुकानात बसू दिलं, पण कामाला हात लावला नाही. "तू खोल, मी शिव्या देतो," असा करार. मागचं चाक मी घरी फरशीवर खोललं आणि छरे कपाटाखाली पळाले. मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, एका बाजूला पाव इंची नऊ असतात. मला सापडले आठ. मग मी हुशारी करून फक्त एकच नवा विकत आणला. मामांनी तो हातात धरला आणि जुन्या आठांशेजारी ठेवून दाखवला. जुने झिजून बारीक झालेले. नवा एकटाच सगळं वजन घेणार आणि कोन, म्हणजे छरे ज्यावर फिरतात तो एक्सलवरचा निमुळता नट, खाऊन टाकणार. छरे बदलायचे तर सगळे एकदम, हे त्या दिवशी कळलं. रॉकेल आता मिळत नाही, डिझेलनं हब धुवा, ग्रीस भरा, छरे एकेक करून चिकटवा आणि कोन आवळा. किती आवळायचा? चाक हातानं सोडलं की ट्यूबच्या व्हॉल्व्हच्या वजनानं ते आपोआप फिरून व्हॉल्व्ह खाली येऊन थांबलं पाहिजे, आणि रिम बाजूला हलवली तर खडखडायला नको. यात माझी एक संपूर्ण रविवारची सकाळ गेली, आणि गेली ते बरं झालं.

कॉटर मात्र माणसाची परीक्षा बघतो. पायडलचा दांडा एक्सलला धरून ठेवणारी ती पाचर. वर्षानुवर्षं गंजून बसलेली असते. मी नट पूर्ण काढून हातोडीनं टक टक करत बसलो. आट्याचं डोकं चेपून छत्रीसारखं झालं आणि कॉटर होता तिथंच. मामा म्हणाले, "बारकं बारकं मारलास की त्यो बसतोय घट. दांड्याखाली पाइपाचा तुकडा लाव, नट आट्याच्या टोकाशी येईल एवढाच ढिला कर, आन एकच ठोक. लाजतोस कशाला?" आदल्या रात्री तेल सोडून ठेवलं तर तो एक ठोका पुरतो. बसवताना दोन्ही बाजूंचे कॉटर एकमेकांच्या उलट दिशेनं जातात, म्हणजे एकाचा नट वर असेल त्या वेळी दुसऱ्याचा खाली. मी दोन्ही एकाच बाजूनं घातले होते. पायडलं समोरासमोर न येता एक जरासं पुढं राहिलं. आठ दिवस मी लंगड्यासारखा सायकल मारत होतो आणि वयामुळं गुडघा दुखतोय असं समजत होतो.

आणखी एक गोष्ट, कारण त्यात भलेभले फसतात: डाव्या पायडलचा आटा उलटा असतो. सोडवायचा तर घड्याळाच्या दिशेनं फिरवा. जोर लावून हाताची साल काढून घेऊ नका. चाकाचा आऊट काढायचं, म्हणजे डगमगणारी रिम सरळ करायचं काम मात्र मी अजून मामांच्या जागी बसलेल्या त्यांच्या पुतण्याकडंच देतो. तारा ओढायला कान लागतो, तो माझ्याकडं नाही.

ब्रेकबद्दल स्पष्ट सांगतो. सळ्यांचे ब्रेक कोरड्या सपाट रस्त्याला पुरतात. पावसात चकचकीत लोखंडी रिमवर रबर नुसतं घसरतं; दाबल्यावर आधी पाणी पुसलं जातं, मग कुठं सायकल थांबायचा विचार करते. घाट उतरायला ही सायकल नेऊ नका. यात माझं म्हणणं वडिलांच्या आठवणीपेक्षा मोठं माना.

सायकल उभी राहिली की सीट बघा. आपल्याकडं बहुतेक जण सीट खाली ठेवतात, दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा ठेवला की गुडघा थोडा वाकलेला राहतो. गुडघ्याची वाटी पुढून दुखली तर सीट बहुधा खाली आहे, मागची शीर ओढली तर वर. आठ-दहा मिलिमीटरचा फरकही कळतो.

आता तुमचे १०० किलोमीटर. आठवड्यातून तीन दिवस निघता आलं तर तीन-साडेतीन महिने धरा. पहिले पंधरा दिवस अंतर मोजूच नका, चाळीस मिनिटं चालवा आणि घरी या. मी रंकाळ्याला फेऱ्या मारायचो आणि नंतर गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचो. वजन त्यामुळं एक ग्रॅमही कमी झालं नाही, पण सकाळी उठायला कारण मिळालं. पुढं रविवारची फेरी दर आठवड्याला पाच-सात किलोमीटरनं वाढवा, चौथ्या आठवड्यात कमी करा. सत्तर झाले की शंभर होतातच, मधले तीस पायांनी नाही, पोटानं मारायचे असतात. भूक लागायच्या आधी खायचं. अर्ध्या-पाऊण तासाला केळं, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, आणि पाण्यात लिंबू-मीठ-साखर. चाळिशी ओलांडलीय तर सुरुवातीला एकदा रक्तदाब तपासून घ्या. छातीत दाटलं तर "जरा दम लागला असेल" म्हणून पुढं जाऊ नका.

पहिल्या शंभरासाठी मी नरसोबाची वाडी निवडली. जाऊन येऊन नव्वदच्या पुढं होतात, आणि रस्ता ताटासारखा सपाट. पहाटे पाचला निघालो, साडेआठला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर होतो. तिथं दर्शन घेऊन मी बासुंदी खाल्ली. एक वाटी नाही, दोन. परतीला हातकणंगल्याच्या अलीकडं एका झाडाखाली पाऊण तास झोपलो. घरी पोचलो तेव्हा मोबाईल ९७ दाखवत होता. हिशेबनीस माणूस, तीन किलोमीटरचा फरक खात्यात कसा ठेवणार? दारातून वळून रंकाळ्याकडं गेलो आणि शंभर भरल्यावरच सायकल ठेवली. बायको गॅलरीतून बघत होती. तिनं काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

आमच्याकडं या रस्त्यांवर खरी भीती उसाची. हंगाम सुरू झाला की पहाटेच्या अंधारात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रस्त्याच्या कडेला उभ्या असतात, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. पुढचा चांगला दिवा, मागचा लाल दिवा, चमकणारं जाकीट आणि हेल्मेट हे चार खर्च सायकलीच्या रंगकामाआधी करा.

आता गिअरची सायकल कधी. मला तिची गरज पन्हाळ्यानं सांगितली. कोल्हापुरातून वीस-बावीस किलोमीटर, पण वाघबीळपासून चढ सुरू झाला की मी उतरून ढकलत होतो. घरी येऊन गणित मांडलं. माझ्या सायकलीला पुढं ४४ दाते, मागं १८. पायडलचा एक फेरा मारला की चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं, म्हणजे सायकल ५.४ मीटर पुढं जाते. चढाला माझा वेग ताशी ८ किलोमीटर. याचा अर्थ मिनिटाला जेमतेम २५ फेरे, आणि प्रत्येक फेऱ्याला वीस किलो लोखंडासकट स्वतःला उचलायचं. गुडघे त्यातच जातात. गिअरच्या सायकलीत पुढं २८ आणि मागं ३२ घेतले तर एका फेऱ्यात दोन मीटरही जात नाही. त्याच वेगाला ७० फेरे पडतात. ताकद तेवढीच, पण सुट्ट्या पैशात दिल्यासारखी. हे गणित पटलं तेव्हा मी सायकल घेतली, आणि दुकानात जाऊन "मागं सगळ्यात मोठं चक्र किती दात्यांचं आहे" एवढंच विचारलं. दुकानदार एकवीस गिअर, सत्तावीस गिअर असं सांगत राहिला. आकडा किती गिअर हा नसतो, सगळ्यात हलका गिअर केवढा हा असतो. तुमच्या गावात घाट नसेल तर काळ्या सायकलीचं फ्रीव्हील, म्हणजे मागचं दात्यांचं चक्र, १८ ऐवजी २२ चं बसवा. थोडक्या पैशात काम होतं, आणि उड्डाणपुलावर फरक लगेच कळतो.

नव्या सायकलीवर मी पन्हाळा चढलो, मग गगनबावडा. साधारण पंचावन्न जायला, तेवढेच यायला, शेवटी करूळच्या घाटाच्या तोंडाशी उभं राहून कोकणाकडं बघायचं आणि मागं फिरायचं. त्यानंतर दोनशेचं ब्रेव्हे केलं, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी. तुम्ही तिचं बीआरएम हे नाव ऐकाल म्हणून सांगतो: ती शर्यत नसते, नंबर काढत नाहीत. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, खाणंपिणं-पंक्चर धरून. सरासरी ताशी १५ सुद्धा येत नाही. पुढं ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०. चारही एका हंगामात केले की सुपर रँडोनर म्हणतात. मधल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा, माणूस नसेल तर दुकानाचं बिल किंवा एटीएमची पावती पुरावा म्हणून ठेवायची. हिशेबनिसाला यापेक्षा सुखाचा खेळ सापडणार नाही. मी दोनशेवर थांबलोय. रात्रभर सायकल चालवायची मला हौस नाही, आणि ते कबूल करायला लाजही वाटत नाही. नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात अमेरिका आडवी पार करणारी शर्यत पुरी केली, ते वाचून अंगावर काटा येतो. पण आपलं ध्येय त्यांच्याकडं बघून ठरवलं की दुसऱ्या महिन्यात सायकल परत जिन्याखाली जाते.

काळी सायकल मी विकली नाही. भाजी, दळण, पोस्ट, सगळं तिच्यावरच. गिअरच्या सायकलीला ना स्टँड ना कॅरिअर, पिठाचा डबा ठेवायचा कुठं?

आणि हो, खोलायच्या आधी प्रत्येक जोडाचे फोटो काढून ठेवा, खास करून ब्रेकच्या सळ्यांचे, कुठला स्क्रू कुठल्या बाजूनं आत जातो ते दिसेल असे. मी काढले नव्हते. सात वर्षं झाली, माझ्याकडं एक वॉशर अजून शिल्लक आहे.