एस्सिटालोप्राम सुरू होऊन अकरा दिवस झाले, काहीच फरक नाही. गोळ्या बंद कराव्यात का?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमच्या मिस्टरांना डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं आणि एस्सिटालोप्राम सुरू केली. अकरा दिवस झाले तरी ते तसेच खाटेवर पडून असतात, वरून मळमळ सुरू झालीय. दीर म्हणतात, ही औषधं साखरेच्या गोळीएवढीच आहेत हे संशोधनातच निघालंय. पहिलं पाकीट संपलं, दुसरं आणू का, असा तुमचा प्रश्न.

आणा. मळमळीचं डॉक्टरांना फोन करून सांगा. बाकीचं जरा सविस्तर लिहितो, कारण दिरांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. ते उडवून लावलं तर ते तुमचं पुढचं ऐकणार नाहीत.

माझं यावल तालुक्यात मेडिकल आहे, बावीस वर्षं झाली. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. या गोळ्यांची पाकिटं दहा-दहाची असतात. चिठ्ठीवर महिन्याच्या गोळ्या लिहिलेल्या असतात, पण गिऱ्हाईक म्हणतं, "भाऊ, आता दहाच द्या, गुण आला तर पुढच्या नेतो." अकराव्या दिवशी गुण आलेला नसतो आणि माणूस परत फिरकत नाही. तापाला, जुलाबाला दहा गोळ्यांचा हिशोब पुरतो, म्हणून तोच हिशोब इथे लावतात. तुमचा अकरावा दिवस वाचला आणि म्हणूनच लिहायला बसलो.

माझ्या मोठ्या भावाचंही असंच झालं होतं. एका जूनच्या वादळात अण्णाची केळीची बाग आडवी झाली, घड कापणीला आलेले होते. पण आजार काही त्या रात्रीच आला नाही, तो आधीपासून असावा, आम्हाला कळलं नाही. पहाटे तीनला उठून ओट्यावर बसायचा. वहिनी कळण्याची भाकरी आणि भरीत पुढे ठेवायची, दोन घास खाऊन ताट सरकवायचा. विचारलं की एवढंच, "मले काही गोडच नही लागत." एकदा बोट भाकरीवर ठेवून तो कितीतरी वेळ नुसता बसून राहिला होता, ते मला अजून दिसतं. भगताकडे नेऊन झालं, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली, मग डॉक्टरांनी गोळी लिहिली. ती किती दिवसांनी लागू पडेल आणि किती महिने घ्यायची, हे कुणीच सांगितलं नाही. मी स्वतः औषधं विकणारा, मीसुद्धा सांगितलं नाही. त्याचं मला वाईट वाटतं.

आता दिरांच्या मुद्द्यावर येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे नोंदवलेल्या, डिप्रेशनच्या औषधांच्या ७४ चाचण्यांचा हिशोब २००८ मध्ये तपासला गेला. त्यातल्या जवळजवळ एक तृतीयांश चाचण्या कधी छापल्याच नव्हत्या आणि न छापलेल्यांत बहुतेक फसलेल्या होत्या. छापलेलं वाचलं तर ९४ टक्के चाचण्या यशस्वी दिसत, सगळ्या धरल्या तर ५१ टक्के. कंपन्यांनी हे लपवलं याचा राग येणं बरोबरच आहे, मलाही येतो. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात निघालं की औषध आणि साखरेची गोळी (म्हणजे चाचणीत काहींना देतात ती, दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी) यांच्यातला सरासरी फरक आजार मोजण्याच्या पट्टीवर दोन गुणांच्याही आत आहे. दीर बहुधा हेच कुठेतरी वाचून आलेत.

त्यानंतर २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मोठा आढावा आला. ५२२ चाचण्या, १ लाख १६ हजारांवर रुग्ण, २१ औषधं, आणि न छापलेली माहितीही शोधून काढून त्यात धरलेली. एकवीसच्या एकवीस औषधं साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली. सरासरी फरक मात्र थोडाच. साध्या हिशोबात सांगायचं तर सहा ते आठ आठवड्यांत साखरेच्या गोळीवर शंभरातले वीस ते चाळीस जण बऱ्यापैकी सुधारतात, औषधावर चाळीस ते साठ. म्हणजे शंभरातल्या वीसेक जणांना तो गुण केवळ गोळीमुळे येतो. आपला माणूस त्या वीसात आहे की नाही, हे आधी सांगणारी तपासणी आज दवाखान्यात नाही. गोळी घेऊन, थांबून, बघावं लागतं.

आणि चाचणीत साखरेच्या गोळीवाल्यांना नुसतं वाऱ्यावर सोडलेलं नसतं, हे कुणी सांगत नाही. त्यांनाही ठरलेल्या दिवशी बोलावतात, समोर बसवून झोप, भूक, रडू, मरणाचे विचार, सगळं विचारतात. इतकं सावकाश विचारणारं आपल्याकडे किती जणांना मिळतं? डॉक्टरांच्या दारात चाळीस पेशंट बसलेले असतात, शेवटची एस.टी. गाठायची असते.

किती थांबायचं, तर पहिल्या दोन आठवड्यांत थोडा फरक काहींना जाणवतो, पण गोळी लागू पडली की नाही हे ठरवायला चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. अमेरिकेत 'स्टार-डी' नावाचा चार हजार रुग्णांचा अभ्यास झाला, त्यात पहिली गोळी सिटालोप्राम होती, तुमच्या मिस्टरांच्या गोळीची सख्खी बहीण म्हणा. पहिल्या औषधावर पूर्ण बरे झाले ते साधारण तिघांतला एक. त्यांनाही तिथवर पोचायला सरासरी सहा ते सात आठवडे लागले. बाकीच्यांचं औषध बदललं किंवा जोडीला दुसरं दिलं. चार पायऱ्या मिळून ६७ टक्के बरे होतात असा आकडा तेव्हा सगळीकडे फिरला. २०२३ मध्ये तीच माहिती मूळ आराखड्याप्रमाणे पुन्हा मोजली तेव्हा तो ३५ टक्क्यांवर आला. त्यावर अजून वाद चालू आहे. तेव्हा पहिली गोळी लागू पडली नाही, तर त्यात तुमच्या मिस्टरांचं काही चुकलं असं समजू नका. तसं खूप जणांचं होतं आणि मग डॉक्टरांना पुढचं पाऊल टाकावं लागतं. त्यासाठी त्यांच्यापर्यंत परत जावं लागतं.

अण्णाला पाचव्या आठवड्यात फरक पडला. एका सकाळी त्याने विचारलं, ठिबकची नळी कुणी दुरुस्त केली का? वहिनी आत जाऊन रडली. तीन महिन्यांनी तो अगदी चांगला झाला आणि त्याने गोळ्या एकदम सोडल्या. चार दिवसांत चक्कर, डोक्यात करंट मारल्यासारखं, चिडचिड. हे औषध अचानक तोडल्याने होतं. ते ओसरलं, पण दिवाळीच्या आसपास आजारच परत आला. इंग्लंडमध्ये ४७८ रुग्णांचा एक अभ्यास २०२१ मध्ये छापून आला. बऱ्याच काळापासून गोळ्या घेणारे आणि आता बरं वाटणारे असे लोक होते. ज्यांच्या गोळ्या हळूहळू कमी करून बंद केल्या त्यांच्यातल्या ५६ टक्क्यांना वर्षभरात आजार उलटला, ज्यांनी चालू ठेवल्या त्यांच्यात ३९ टक्के. म्हणजे बंद केलेल्यांपैकीही ४४ टक्के ठीक राहिले, जन्मभर गोळी लागते असं त्यातून निघत नाही. बरं वाटायला लागल्यावर निदान सहा महिने घ्यायची आणि सोडायची तर डॉक्टरांना विचारून, थोडी थोडी कमी करत.

गोळीच्या जोडीला काय, तर गोव्यात डॉ. विक्रम पटेल यांच्या गटाने केलेलं काम मला फार मोलाचं वाटतं. जास्त डिप्रेशन असलेल्या ४९५ जणांपैकी निम्म्यांशी प्रशिक्षण दिलेले साधे लोक सहा ते आठ वेळा बसून बोलले. माणसाला परत छोट्या छोट्या कामांत कसं आणायचं, एवढाच त्याचा गाभा. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ६४ टक्के आजारातून बाहेर होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के. हे तुम्ही घरीही थोडं करू शकता. 'शेतात जा' म्हणू नका, ते त्यांना डोंगराएवढं वाटेल. "संध्याकाळी बांधापर्यंत माझ्यासोबत चला," एवढंच म्हणा. रोज त्याच वेळी.

मळमळ बहुतेकांची एक-दोन आठवड्यांत जाते, गोळी जेवणानंतर घेतली तर बरं पडतं. अंग दुखतं म्हणून मनाने डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी देऊ नका, दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. शेतकरी घरात हे फार होतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणि हे आजच करा. फवारणीची औषधं घरातून, गोठ्यातून काढून कुणाच्या तरी कुलपात ठेवा. सुरुवातीच्या आठवड्यांत ते जास्त अस्वस्थ झाले, येरझाऱ्या घालू लागले, 'माझ्यावाचून तुमचं काही अडत नाही' असं बोलू लागले तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. एकटं सोडू नका. रात्री-बेरात्री कुणी नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलतात.

पाकीट संपून मध्ये एक-दोन दिवस राहिले असतील तर भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम देऊ नका, रोजची एकच चालू करा. आणि एक महिन्याच्या गोळ्या एकदम घेऊन ठेवा, हातात तुमच्या.