अँटिजेन प्रेझेंटेशन शिकताना आधी मार्ग बघा, नावं नंतर

अँटिजेन प्रेझेंटेशन म्हणजे पेशीने प्रथिनाचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडून प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना दाखवणं. सुरुवातीला सगळी रेणूंची नावं पाठ करायला बसू नका. एकच प्रश्न धरा: प्रथिन पेशीच्या आत तयार झालं की बाहेरून गिळलं गेलं?

आत तयार झालेलं, समजा विषाणूचं, प्रोटिअसोममध्ये (प्रथिनं तोडणाऱ्या पेशीतल्या यंत्रात) तुटतं. तुकडे टॅप या वाहक प्रथिनातून एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये (पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यात) शिरतात आणि तुकडे मांडणाऱ्या एमएचसी वर्ग १ रेणूच्या खोबणीत बसतात. ही खोबण दोन्ही टोकांना बंद, म्हणून तुकडा साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचाच. तो सीडी८ टी-पेशी (बाधित पेशी मारणाऱ्या) वाचतात. बाहेरून गिळलेलं एंडोसोममध्ये (गिळलेलं ज्यात जातं त्या पिशवीत) तुटतं आणि एमएचसी वर्ग २ वर बसून सीडी४ टी-पेशींना (इतर पेशींना मदत करणाऱ्या) दिसतं. इथे खोबण उघडी, त्यामुळे १३ ते २५ अमिनो आम्लांचे लांब तुकडेही चालतात. डेंड्रायटिक पेशी (टी-पेशींना तुकडे दाखवण्यात तरबेज पेशी) मात्र गिळलेलंही वर्ग १ वर मांडतात. हा अपवाद फार मोलाचा आहे, विसरू नका.

प्रयोगात हमखास फसगत होते ती इथे: पेशींवर तयार पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) टाकलं आणि टी-पेशी जाग्या झाल्या, म्हणजे पेशीने प्रथिन आत तोडून मांडलं असं नाही. ते पेप्टाइड बाहेरूनच खोबणीत बसतं. म्हणून अल्डिहाइडने फिक्स केलेल्या (रसायनाने गोठवलेल्या, म्हणून काही गिळू-तोडू न शकणाऱ्या) पेशींचा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा गट, ठेवाच. त्या पेप्टाइड दाखवतील, पण अख्खं प्रथिन दाखवू शकणार नाहीत. प्रथिनात एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातलं विष) नाही ना, तेही तपासा. त्याने डेंड्रायटिक पेशी परिपक्व होतात, त्यांच्यावरचे सीडी८० आणि सीडी८६ (टी-पेशींना जागं करायला मदत करणारे रेणू) वाढतात, आणि प्रतिसादाचं श्रेय भलत्यालाच जातं.