पंख वर उचललेले की खाली झुकलेले?

तुमचा प्रश्न असा, की पंख टोकांकडे वर उचललेले असले की कललेलं विमान आपोआप सरळ होतं म्हणतात, मग हवाई दलाच्या आयएल-७६ या मालवाहू विमानाचे पंख खाली झुकलेले असून कसं चालतं? मी वैमानिक नाही. थर्मोकोल आणि बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) विमानं बनवायचा (आणि आपटायचा) नाद आहे, त्यातून कळलं ते सांगतो.

'कललं की खालचा पंख आडवा होतो, वरचा उभा, म्हणून खालच्याला जास्त लिफ्ट (हवेचा वर उचलणारा जोर)' हे स्पष्टीकरण आधी डोक्यातून काढा. मलाही ते बरीच वर्षं पटलेलं होतं. पण जमीन कुठल्या बाजूला आहे हे पंखाला काय माहीत? त्याला फक्त अंगावर येणारी हवा कळते, आणि नुसतं कलल्याने ती बदलत नाही.

बदलते ती पुढच्या क्षणी. विमानाबरोबर लिफ्टही कलते, त्यामुळे ते खालच्या पंखाच्या बाजूला घसरायला लागतं. आता हवा थोडी तिरकी, त्या बाजूने येते. पंख वर उचललेले असतील तर त्या बाजूच्या पंखाला ती खालून जास्त लागते, पलीकडच्याला कमी. एकीकडे लिफ्ट वाढते, दुसरीकडे घटते, आणि विमान सावरतं.

घरी करून बघा. थर्मोकोलचा ग्लायडर, पंख अगदी सपाट, नाकाला वजनापुरता मातीचा गोळा. गच्चीतून सोडला की जरा वेळाने एका अंगाला झुकतो आणि गिरकी घेत खाली. मग पंख मधोमध चिरून दोन्ही टोकं दोन-दोन बोटं वर करा, सांध्यावर सेलोटेप लावा. तोच ग्लायडर डुलत का होईना, सरळ जातो.

आता आयएल-७६. त्याचे पंख धडाच्या वर बसवलेत. तिरकी हवा धडाला अडून वर वळते आणि त्या बाजूच्या पंखाच्या मुळाशी खालून लागते, म्हणजे वर उचललेल्या पंखांचं काम फुकटात होतं. शिवाय पंख मागे वळवलेले, त्यानेही तोच परिणाम होतो. दोन्ही मिळून सावरण्याचा गुण नको इतका वाढतो. मग विमान नाक डावी-उजवीकडे फिरवत, पंख वर-खाली करत बदकासारखं डुलायला लागतं. यालाच डच रोल म्हणतात. तो आटोक्यात राहावा म्हणून पंख मुद्दाम खाली झुकवतात. सी-१७ आणि अँतोनोव्ह-१२४ या मालवाहू विमानांचेही तसेच आहेत.

डच रोल किती वाईट? १९५९ साली अमेरिकेत बोइंग ७०७च्या एका प्रशिक्षण उड्डाणात तो करून दाखवताना विमान हाताबाहेर गेलं, चारपैकी तीन इंजिनं तुटून पडली आणि आठपैकी चार जण गेले. आता यॉ डॅम्पर नावाची यंत्रणा रडर (शेपटीचं उभं सुकाणू) आपणहून थोडं-थोडं हलवून ते डुलणं मारून टाकते.

आणि ही युक्ती जेट विमानांच्या फार आधीची. राइट बंधूंच्या १९०३च्या फ्लायरचे पंखही थोडे खाली झुकलेलेच होते. ते जिथे विमान उडवायचे त्या किटी हॉकच्या वाऱ्याचा बाजूने झोत आला की एक पंख उचलला जाऊन दुसरा वाळूत घुसायचा, ते त्यांना नको होतं.