‘ला वाशीस’मधला ‘ला’ आपला नव्हे

कोपरखैरण्याच्या एका वाचकाने विचारलंय: ‘मी क्लामा ला वाशीस ला तानेस’ या लोज्बान (तर्कशास्त्राच्या आधारे रचलेली कृत्रिम भाषा) वाक्यातला ‘ला’ म्हणजे आपली चतुर्थी का? आणि ‘क्लामा’आधी ‘से’ लावला की कर्मणी प्रयोग होतो का?

दोन्ही नाही. वाक्याचा अर्थ: मी ठाण्याहून वाशीला जाते. ‘मी’ म्हणजे खरंच मी, ‘क्लामा’ म्हणजे जाणे. पण ‘ला’ फक्त पुढे विशेषनाम येतंय एवढं सांगतो. नीट पाहा, तो ठाण्याआधीही आहे. (नावाच्या शेवटी व्यंजन लागतं, म्हणून तो ‘स’.)

मग कोण कुठे निघालं हे कळतं निव्वळ क्रमावरून. ‘क्लामा’ला पाच घरं आहेत: जाणारा, पोचायचं ठिकाण, निघायचं ठिकाण, वाट, वाहन. मी रोज ठाण्याहून ऐरोलीमार्गे लोकलने वाशीला जाते. तेच ‘वाशीला जाते मी ठाण्याहून’ असं म्हटलं तरी गाडी उलटी धावत नाही, कारण ‘ला’ आणि ‘हून’ शब्दाला चिकटलेले आहेत. लोज्बानमध्ये मात्र वाशीस-तानेस यांची अदलाबदल केलीत, तर तुम्ही वाशीहून ठाण्याला निघालात!

‘से’ पहिल्या आणि दुसऱ्या घराची अदलाबदल करतो: ‘ला वाशीस से क्लामा मी ला तानेस’. प्रवास तोच, फक्त वाशी पहिल्या घरात आली. याला कर्मणी म्हणायला मी तयार नाही. ‘जाणे’ अकर्मक, त्याचा कर्मणी होणार कसा? शिवाय आपल्या प्रयोगाचा सगळा जीव क्रियापदाच्या लिंगवचनात, आणि ‘क्लामा’ कुणासाठीच बदलत नाही.

‘से’ची खरी गंमत नामं घडवताना कळते. ‘ले क्लामा’ म्हणजे जाणारा, ‘ले से क्लामा’ म्हणजे गंतव्य. पुढे ‘ते’, ‘वे’ आणि ‘खे’ (उर्दूतल्या ‘ख़ुदा’सारखा घासून) तिसरं, चौथं, पाचवं घर पहिल्यात आणतात: निघाल्याचं ठिकाण, वाट, वाहन. आपल्याकडे गंता आणि गंतव्य संस्कृतातून आले, पण जिथून निघालो त्या जागेला ‘गम्’पासून घडलेला रुळलेला शब्द मराठीत मला सापडलेला नाही. लोज्बानला तो एका अक्षरात मिळतो, याचा मला हेवा वाटतो.

विभक्तीच हवी असेल तर ‘फा, फे, फी, फो, फू’ पाहा. ते प्रत्येक पदाला त्याच्या घराचा क्रमांक लावतात: ‘फे ला वाशीस फी ला तानेस फा मी क्लामा’. आता पदं कशीही फिरवा, तुम्ही वाशीलाच पोचाल.