प्रश्नोत्तरे : हेतू चांगला होता, मग गुन्हा कसा?

गेल्या अंकातील संगणक-सुरक्षेवरील लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना येथे उत्तरे देत आहे. तिसऱ्या पत्रातील मजकूर पत्रलेखकाच्या विनंतीवरून थोडा बदलला आहे.

प्रश्न : 'हॅकर' म्हणजे संगणकावरचा चोर, असे मी आजवर समजत होतो. माझा संगणक अभियंता असलेला भाचा मात्र ही पदवी अभिमानाने मिरवतो. मूळ अर्थ कोणता? – एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही अर्थ जुने आहेत आणि दोन्ही एकाच आवारात वाढले. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत खेळातल्या आगगाड्यांचे मोठे जाळे उभारणाऱ्या विद्यार्थ्यांचा एक क्लब होता. रुळांखालच्या तारा आणि रिले यांच्याशी चाललेल्या त्यांच्या खटपटीला ही मुले 'हॅकिंग' म्हणत. एप्रिल १९५५ मधील त्यांच्या सभेच्या इतिवृत्तात, विद्युतव्यवस्थेवर काम किंवा 'हॅकिंग' करणाऱ्याने फ्यूज उडू नये म्हणून आधी वीज बंद करावी, अशी एका सदस्याची विनंती नोंदलेली आहे. पुढे जगभर दरारा निर्माण करणाऱ्या शब्दाची इतकी जुनी नोंद अशी घरगुती असावी, याची मला गंमत वाटते. आपल्या भाच्याचा अर्थ तो हाच.

परंतु नोव्हेंबर १९६३ मध्ये तिथल्याच विद्यार्थ्यांच्या 'द टेक' या वृत्तपत्राने 'हॅकर' मंडळींमुळे दूरध्वनीच्या अनेक सेवा बंद कराव्या लागल्याचे छापले. संस्थेचा पीडीपी-१ हा संगणक दूरध्वनी यंत्रणेला जोडून, बाहेरची मोकळी लाइन सापडेपर्यंत एकेक लाइन तपासत राहायची, अशी एक युक्ती त्या बातमीत होती. लांब पल्ल्याचे कॉल एका रडार केंद्राच्या खात्यावर टाकले गेल्याचाही उल्लेख होता. म्हणजे हुशारी विद्यार्थ्यांची आणि बिल दुसऱ्याचे. शब्दाचा अर्थ बिघडला तो तिथे. 'क्रॅकर' असा वेगळा शब्द रुळवून हॅकरला निर्दोष ठरवण्याचे प्रयत्न नंतर झाले, पण ते सामान्य बोलण्यापर्यंत पोहोचले नाहीत. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ६६ चे शीर्षकच 'हॅकिंग'वर बेतलेले होते. २००८ च्या दुरुस्तीने तो शब्द तेथून काढला आणि 'संगणकविषयक अपराध' असा साधा शब्दप्रयोग आणला. मला हा बदल योग्य वाटतो, कारण कायद्याने कृत्याचे वर्णन करावे, माणसाला नाव ठेवू नये.

प्रश्न : १९८८ च्या 'मॉरिस वर्म'विषयी आम्हाला शिकवले गेले. रॉबर्ट मॉरिसला कोणाचेही नुकसान करायचे नव्हते, तरी त्याला दोषी ठरवले गेले. हा अन्याय नाही का? – एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : रॉबर्ट टॅपन मॉरिस हा कॉर्नेल विद्यापीठाचा पदव्युत्तर विद्यार्थी होता. २ नोव्हेंबर १९८८ रोजी त्याने एका संगणकावरून दुसऱ्यावर स्वतःहून पसरणारा एक प्रोग्राम इंटरनेटवर सोडला. त्याचे वडील अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत संगणक-सुरक्षेचे मुख्य शास्त्रज्ञ होते आणि पासवर्डच्या सुरक्षेवर त्यांनी १९७९ मध्येच महत्त्वाचा निबंध लिहिला होता. मुलाच्या प्रोग्रामने ज्या वाटा धरल्या, त्यांतली एक सोप्या पासवर्डांचा अंदाज बांधण्याची होती. दुसरी वाट 'फिंगर' या, दुसऱ्या संगणकावरील वापरकर्त्यांची माहिती विचारण्याच्या सेवेची. त्या सेवेने येणाऱ्या प्रश्नासाठी ५१२ बाइटांची जागा राखलेली होती, पण आलेला मजकूर तेवढ्यात मावतो की नाही, हे ती पाहत नसे. मॉरिसच्या प्रोग्रामने ५३६ बाइट पाठवले. मापाबाहेर सांडलेल्या त्या थोड्याशा मजकुराने संगणकाला पुढे काय करायचे, हे सांगायला सुरुवात केली.

आपला प्रश्न ज्याच्याभोवती फिरतो तो तपशील मात्र यापुढचा आहे. नव्या संगणकावर पोहोचलेली प्रत तिथे आधीची प्रत आहे का, हे विचारत असे, म्हणजे एकाच यंत्रावर गर्दी होऊ नये. ही काळजी त्याने घेतली होती, हे मान्य करायला हवे. परंतु व्यवस्थापक 'आहे' असे खोटे उत्तर देऊन प्रोग्रामला परतवून लावतील, अशीही त्याला भीती होती. म्हणून सातांतून एकदा, उत्तर 'आहे' असे आले तरी, प्रतीने ठाण मांडावे, अशी व्यवस्था त्याने केली. हे प्रमाण फारच जास्त ठरले. प्रतींवर प्रती साचत गेल्या आणि विद्यापीठांतील व संशोधन केंद्रांतील यंत्रे ठप्प होऊ लागली. तेव्हा जोडलेल्या सुमारे ६०,००० संगणकांपैकी ६,००० बाधित झाल्याचे सांगितले जाते, पण हा आकडा मोजणीतून आलेला नाही, अंदाजाचा आहे. गोष्ट हाताबाहेर गेल्याचे कळताच मॉरिसने हार्वर्डमधील मित्राकरवी, प्रोग्राम कसा थांबवावा हे सांगणारा निनावी संदेश पाठवला. त्याच प्रोग्रामने जाळे तुंबवलेले असल्यामुळे तो वेळेत पोहोचलाच नाही.

त्याने एकही फाइल पुसली नाही, हे खरे. पण सातातल्या त्या एकाकडे पुन्हा पाहावे. यंत्राचा मालक 'नको' म्हणेल, हे त्याच्या मनात आले होते आणि त्या नकारावर मात करण्याची सोय त्याने आधीच करून ठेवली होती. मला दोष दिसतो तो या ओळीत. गणित चुकले, हा त्यापुढचा भाग झाला. न्यायालयाची मांडणीही याच्याच जवळची होती. १९८६ च्या अमेरिकन कायद्याखाली परवानगीवाचून प्रवेश करण्याचा हेतू सिद्ध झाला की पुरे, नुकसानाचा हेतू वेगळा सिद्ध करण्याची गरज नाही, असे अपील न्यायालयाने १९९१ मध्ये म्हटले. ठिकठिकाणी निस्तरण्याचा खर्च २०० डॉलरपासून ५३,००० डॉलरच्या पुढे गेल्याची नोंद त्याच निकालात आहे. शिक्षा अमानुष नव्हती : तुरुंगवास नाही, तीन वर्षांची परिवीक्षा (देखरेखीखालील मोकळीक), ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड. आपण कॉर्नेलमध्ये आहोत हे लपवण्यासाठी त्याने तो प्रोग्राम एमआयटीतून सोडला होता, आणि पुढे त्याच एमआयटीत तो प्राध्यापक झाला. तेव्हा अन्याय झाला, असे मी म्हणणार नाही.

प्रश्न : माझ्या मुलाने महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर स्वतःचा निकाल पाहताना पत्त्याच्या शेवटचा बैठक क्रमांक सहज बदलला, तर दुसऱ्या विद्यार्थ्याची गुणपत्रिका उघडली. त्याने पुरावा म्हणून तिचा फोटो ठेवला आहे आणि सगळ्या वर्गाचे निकाल उतरवून घेऊन ते थेट वर्तमानपत्राला द्यावेत, म्हणजे महाविद्यालय जागे होईल, असे तो म्हणतो. तो चोर नाही. मी त्याला काय सांगावे? – एक पालक, सांगली

उत्तर : आपला मुलगा चोर नाही, आणि त्याला सापडलेला दोष खरा आहे. ते संकेतस्थळ केवळ क्रमांक विचारते. तो क्रमांक विचारणाऱ्याचाच आहे का, हे तपासत नाही. ही चूक बांधणाऱ्याची. तरीही त्याला आजच थांबवावे.

तो म्हणतो तसा एक प्रयोग जर्मनीत झाला आहे. तिथल्या टपाल खात्याची बीटीएक्स ही माहितीसेवा सुरक्षित असल्याचे सांगितले जात होते. नोव्हेंबर १९८४ मध्ये केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरांच्या संघटनेच्या मंडळींनी हॅम्बुर्गच्या एका बचत बँकेचा पासवर्ड वापरून, दर वेळी ९.९७ मार्क (तेव्हाचे जर्मन चलन) आकारणारे स्वतःचेच पान एका रात्रीत हजारो वेळा उघडवले. सुमारे १,३५,००० मार्क क्लबच्या नावे जमले. त्यांनी ते लगेच पत्रकारांसमोर जाहीर केले आणि रक्कम परत केली. या कृत्याबद्दल मला आदर वाटतो, पण त्याचा दाखला देताना एक फरक विसरू नये. पैसे परत करता येतात. पाहिलेले गुण परत करता येत नाहीत. वर्गातल्या ज्या मुलीचे दोन विषय राहिले आहेत, तिला महाविद्यालय जागे होण्याशी काय देणेघेणे? दार महाविद्यालयाचे असले तरी आतले सामान तिचे आहे.

कायद्याचेही पाहू. वर उल्लेखलेल्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून संगणकात प्रवेश करणाऱ्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी येऊ शकते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले असेल, तर कलम ६६ लागू होते आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. एक क्रमांक चुकून किंवा कुतूहलाने बदलला, असे समजावून सांगता येते. चारशे क्रमांक ओळीने उतरवले, हे कुतूहल म्हणून कोणाला पटवणार? नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीने १९९५ मध्ये दोष शोधणाऱ्यांना बक्षीस देण्यास सुरुवात केली. आज तशा अनेक योजना आहेत, पण त्या प्रत्येकीत कोणती यंत्रणा, कुठवर तपासायची, हे मालकाने आधी लिहून दिलेले असते. या महाविद्यालयाने तसे काही लिहून दिलेले नाही.

तेव्हा त्याने प्राचार्यांना पत्र लिहावे. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या पानावर काय केले आणि काय दिसले, एवढेच त्यात असावे. दुसऱ्या विद्यार्थ्याचे नाव किंवा गुण नसावेत. आपल्याजवळ एक फोटो होता आणि तो पुसून टाकला आहे, हेही त्याने लपवू नये. पत्राची पोच घ्यावी. ठरावीक मुदतीत उत्तर आले नाही, तर हीच माहिती केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेला कळवता येते. अशा तक्रारी स्वीकारणे हे तिचे कामच आहे. दोष दुरुस्त झाल्यावर त्याने त्याविषयी वर्तमानपत्रात जरूर लिहावे. आणि 'मी तुमची यंत्रणा फोडली' असे वाक्य त्याने मसुद्यात लिहिले असेल, तर ते आधी खोडायला सांगावे. या वयात ते लिहिलेले असतेच.