घड्याळ कुणाला दिसतं

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. थेरपीच्या नव्या प्रॅक्टिसच्या पाटीवर 'नातेसंबंध आणि सामाजिक न्याय' असं लिहावं का, हा तुझा प्रश्न. पाटीचं तू बघ. मला खोलीच्या आतलं सांगायचंय.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एक बाई यायच्या (तपशील बदलून सांगते). सलग तीन सेशन्सना वीस-वीस मिनिटं उशीर. मी वहीत 'रेझिस्टन्स', म्हणजे थेरपीला मनातून विरोध, असा शेरा मारून मोकळी झाले आणि चौथ्या वेळी अगदी शिकवल्यासारख्या मऊ आवाजात विचारलं, "इथे यायला मन कचरतंय का?" त्यांनी मान वळवून मागच्या भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. ते फक्त मला दिसेल असं मीच लावलं होतं. म्हणाल्या, "मॅडम, शिफ्ट संपली तरी सुपरवायझर सोडत नाही. त्याला काय सांगू, माझं मन कचरतंय?"

मी माफी मागितली, पण त्याच दमात स्वतःची बाजूही मांडायला लागले. ती माफी वाया गेली. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलले, या वेळी 'पण' न लावता: "तुमच्या कामावरचा अन्याय मी तुमच्या स्वभावाच्या खात्यात मांडला." घरात कधी आवाज न चढवणाऱ्या त्या बाई मला चांगलं अर्धा तास बोलल्या. आणि नंतरच्या आठवड्यात आल्या. रागावूनही आपली खुर्ची शाबूत आहे, हे त्यांनी बहुधा आयुष्यात पहिल्यांदा पडताळून पाहिलं. जेरेमी सॅफ्रन आणि क्रिस्टोफर म्यूरन या मानसशास्त्रज्ञांनी थेरपीतल्या नात्याला तडा जाणं आणि तो सांधणं यावर एवढं काम का केलं, ते मला तेव्हा कळलं. परीक्षेत पाठ केलं तेव्हा नाही.

माणसावरचा अन्याय त्याच्याच खात्यात मांडायची ही खोड आपल्या पेशाला जुनी आहे. १८५१ मध्ये सॅम्युअल कार्टराइट नावाच्या अमेरिकन डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्याला 'ड्रेपेटोमेनिया' हा आजार ठरवलं. समलैंगिकता अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या विकारांच्या यादीतून निघायला १९७३ उजाडलं. मनोविकारतज्ज्ञ फ्रान्झ फॅनन फ्रेंचांच्या ताब्यातल्या अल्जेरियात ब्लिदाच्या मनोरुग्णालयात १९५३ पासून काम करत होते. माणसाला त्याच्याच देशात परकं करणाऱ्या राजवटीत मनोपचाराला अर्थ उरत नाही, म्हणून १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. आपल्याला राजीनामे द्यायचे नाहीत. निदान लिहिताना हात थोडा थबकला तरी पुष्कळ.

पण उलट बाजूलाही घसरगुंडी आहे, आणि तुझा उत्साह बघता तिचीच मला जास्त धास्ती. क्लायंटला आईची आठवण येऊन रडायचं असतं आणि आपण तिला पितृसत्ता समजावत बसतो. तिचं दुःख आपल्या मोर्चाचा फलक नाही. व्यवस्थेचं नाव घ्यायचं, पण तिच्या बोलण्यात त्याची जागा झाल्यावर. आधी नाही.

जोडप्यांच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. एकत्र बसवण्याआधी दोघांना एकेकटं भेटायचं आणि मारहाण, धमक्या, पैशांची कोंडी याबद्दल सरळ विचारायचं. जिथे एकजण दुसऱ्याला भितो तिथे 'दोघांचंही थोडं चुकतंय' म्हणणं म्हणजे तटस्थपणा नव्हे. ज्याच्या हातात जोर आहे त्याला आपण साक्षीदार मिळवून देतो. शिवाय सेशनमध्ये भिणारी व्यक्ती जे बोलेल त्याची किंमत घरी तिलाच मोजावी लागते. अशा वेळी संयुक्त सेशन नको, आधी तिची सुरक्षितता.

फीबद्दल: सवलतीच्या जागा किती ते आधीच ठरव. नाहीतर दर वेळी विरघळशील आणि वर्षभरात त्याच माणसांवर मनातून चिडायला लागशील. मी चिडले आहे.

सुपरव्हिजनला, म्हणजे तुझ्या केसेसवर माझ्याशी बोलायला, पहिल्या सोमवारी ये. येताना फसलेली केस आण, जमलेली नको.

तुझी,
ताई